टाकीतले शेवाळ आणि आमचा हिशेब

हा लेख आम्ही मियाँ-बीवी दोघे मिळून लिहीत आहोत. जी चूक सांगायची आहे ती दोघांनी मिळून केली होती, म्हणून लिहितानाही 'आम्ही' असेच लिहितो.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. नोकरीमुळे गेली चौदा वर्षे आम्ही शारजात राहतो. कोकणातल्या आपल्या अनेक घरांसारखेच आमचे घरही अर्धे तिकडे आणि अर्धे इकडे. पाच वर्षांपूर्वी आम्ही बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फूट लांबीची काचेची टाकी बसवली. तिच्या खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते, तिला संप म्हणतात. पाणी गाळायची आणि गरम-थंड राखायची सगळी यंत्रे त्यात असतात. दोन्ही मिळून पाणी साधारण ३५० लिटर. वरच्या टाकीत सात मासे, काही गोगलगायी, दगड आणि प्रवाळ, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याचे भाऊबंद.

हे प्रवाळ समुद्रातून तोडलेले नाहीत, हे आधीच सांगतो. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे बोटभर तुकडे दुकानात मिळतात, तेच आम्ही घेतले. भारतात तर कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. त्यामुळे गावी मालवणच्या बाजूला कुणाला असा तुकडा दिसला, तरी तो उचलायचा नाही.

तीन वर्षे टाकी छान चालली. मग अम्मीचा इंतकाल झाला आणि गावच्या घरात अब्बा एकटे उरले. चाळीस दिवसांनी आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. ज्या माणसाचे आयुष्य मच्छीमारीच्या लाँचवर गेले, तो आता सातव्या मजल्यावर बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजू लागला. फजर, नाश्ता, मोबाईलवर गावच्या कुणाशी दोन शब्द, जोहर, जेवण, झोप. घरात त्यांच्या हाताला काम नव्हते. काम नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला घर किती मोठे वाटते, हे आम्हाला तेव्हा कळले नाही.

त्यांना टाकी आवडली. असरची नमाज पढून आले की ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसत आणि माशांना चिमूटभर दाणा घालत. काही दिवसांत मासे त्यांना ओळखू लागले. आम्ही काचेजवळ गेलो तर ते आपल्या नादात फिरत राहत. अब्बांची लुंगी दिसली की सातही जण वर येत. मुले हसत आणि म्हणत, "दादा, यांना तुमचीच नमाजची वेळ पाठ झाली आहे."

साधारण सहा महिन्यांनी टाकीत शेवाळ आले.

आधी वाळूवर तपकिरी धूळ बसली. मग दगडांवर हिरवे केस उगवले, बोटाएवढे लांब, पाण्याच्या प्रवाहात डुलणारे. काच दोन दिवसांआड खरवडावी लागे. केस प्रवाळांच्या बुंध्याशी चढू लागले, आणि ज्या प्रवाळाला ते स्पर्श करत तो आपली तोंडे मिटून घेई.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे समजावून सांगतो. शेवाळाला वाढायला प्रकाश लागतो, नायट्रेट लागते आणि फॉस्फेट लागते. शेतकऱ्याच्या खतात असते तेच हे फॉस्फेट. प्रवाळ असलेल्या उथळ समुद्राच्या पाण्यात ते फार थोडे असते, एका लिटरमध्ये साधारण ०.००५ ते ०.०२ मिलिग्रॅम. टाकीत ते येते मुख्यतः अन्नातून. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेला दाणा दगडांच्या फटीत कुजतो, आणि त्यातले फॉस्फेट पाण्यात उतरते. नायट्रेटचा काही भाग तरी जिवाणू वायू करून हवेत सोडतात. फॉस्फेटला हवेत उडून जाता येत नाही. जे आत आले ते कुणीतरी हाताने बाहेर काढेपर्यंत आतच राहते. शिवाय ते वाढले की प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणे जड जाते. म्हणजे शेवाळ जोमात आणि प्रवाळ मंद, असा दुहेरी तोटा.

आम्ही पाणी तपासले. आकडा आला ०.०४. टाकीसाठी ०.०३ ते ०.१ ठीक मानतात, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. हीच पहिली फसगत. शेवाळ भरात असते तेव्हा पाण्यात उतरलेले फॉस्फेट ते लगेच पिऊन टाकते, म्हणून पाण्यातला आकडा लहान दिसतो. सुटीच्या दिवशी आम्ही बादलीभर केस उपटून काढले आणि चार दिवसांनी पुन्हा मोजले. आमचे यंत्र फॉस्फरसचा आकडा देते. त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागले की फॉस्फेट मिळते. यंत्राने ८० दाखवले. म्हणजे फॉस्फेट ०.२४५. पिणारे शेवाळ कमी झाले, तेव्हा खरा आकडा वर आला.

एवढ्यात रमजान आला. तिसऱ्या-चौथ्या रोज्याला आमच्याकडे इफ्तारला चार कुटुंबे आली होती. खजूर, सरबत झाले, मगरिब झाली, सगळे बैठकीत टेकले. एका मित्राने टाकीकडे पाहिले आणि हसत म्हणाला, "काय रे, टाकीत गवत लावलंस काय? बकरीदला बकरा इथेच चारायचा विचार आहे?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि हसता हसता म्हणून गेलो, "काय करणार, अब्बा दिवसभर खायला घालतात. सांगून ऐकत नाहीत." एकाने हे वाक्य सुरू केले आणि दुसऱ्याने पुरे केले. मग वर आणखी एक वाक्य जोडले, "अब्बा, आता उद्यापासून टाकीला हात लावू नका, बरं का."

अब्बा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "बरं." हातातली फळांची ताटली खाली ठेवून हात धुवायला उठले. त्या रात्री तरावीहला ते आमची वाट न पाहता एकटेच मशिदीत गेले.

खरे तर आम्ही त्यांना त्याआधी कधी काही सांगितलेच नव्हते. 'सांगून ऐकत नाहीत' हे चक्क खोटे होते, आणि तेही रोज्याच्या महिन्यात. पण पाहुण्यांसमोर टाकीची लाज वाटली होती, आणि ती लाज कुणाच्या तरी पदरात टाकायची होती.

दुसऱ्या दिवसापासून असरनंतर ती खुर्ची रिकामी राहू लागली. मासे वर येत, थांबत, पुन्हा खाली जात. आम्ही ते पाहिले, पण मनावर घेतले नाही. आमचे लक्ष शेवाळावर होते.

फॉस्फेट ओढून घेणारे लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे मिळतात. ते एका नळकांड्यात भरून त्यातून पाणी फिरवले की फॉस्फेट त्या दाण्यांना चिकटते. हे औषध चांगले आहे, पण सावकाश वापरायचे असते. आम्ही सांगितल्याच्या दुप्पट दाणे भरले, चार-चार दिवसांनी बदलले, वर दर दोन दिवसांनी पाणी बदलले. मासे दिवसातून एकदाच, तेही मोजके खाऊ लागले. तीन आठवड्यांत, ईदच्या सुमारास, यंत्राने शून्य दाखवले. हिरवे केस पांढरे पडून गळाले. आम्ही फोटो काढून त्या मित्राला पाठवला.

शव्वाल लागला आणि प्रवाळांचा रंग उतरू लागला. जांभळ्या फांद्या फिकट झाल्या, हिरवे प्रवाळ पिवळट दिसू लागले. सर्वांत नाजूक असलेल्या अॅक्रोपोराच्या टोकांवरची कातडी निघून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला.

तेव्हा आम्ही नीट वाचायला बसलो, आणि जे वाचले त्याने मान खाली गेली. प्रवाळाच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहते. दिवसा ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा बराचसा रंगही त्याच्यामुळेच. त्या शेवाळालाही फॉस्फेट लागते, आणि स्वतः प्रवाळालाही आपल्या पेशींसाठी ते लागते. अल्फ्रेड रेडफील्ड नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले होते की समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या शरीरात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १६ ला १ असते. त्यातला एक जरी संपला तरी वाढ अडते. आम्ही तो एक संपवला होता. शेवाळाला शत्रू मानून आम्ही विष काढायला निघालो, आणि घरातल्या शेवाळाचे अन्नही तोडले.

एवढ्यावर भागले नाही. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे आले, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. यांना डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले, इतर शेवाळे उपासमारीने मागे हटली, की मोकळ्या झालेल्या जागेत हे पुष्कळदा पसरतात. यांच्यातल्या काही जाती विषारी असतात. आमच्या गोगलगायी एकेक करून काचेवरून खाली पडू लागल्या. आठवडाभरात अकरा गेल्या.

अकरावी गोगलगाय बाहेर काढत होतो, तेव्हा आमचा नऊ वर्षांचा मुलगा बाजूला उभा होता. तो एकाएकी रडायला लागला. आम्हाला वाटले गोगलगायीसाठी रडतो आहे. तो म्हणाला, "दादांनी जास्त नव्हतं टाकलं. मीच टाकायचो. शाळेतून आल्यावर रोज. मूठभर. तुम्ही दादांना बोललात, तेव्हा मी गप्प बसलो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कारण आमच्याकडेही सांगायला काहीतरी होते. आमच्यातला एकजण सकाळी कामावर जाण्याआधी गोठवलेल्या कोळंबीचे दोन तुकडे टाकत असे. दुसऱ्याला ते ठाऊक नव्हते, म्हणून मासे उपाशी असतील या काळजीने दुपारी पुन्हा दाणा पडे. रात्री दिवे मंद झाले की प्रवाळांसाठी पावडर, एक रात्र सोडून. आणि मुलाची मूठ. अब्बा धरून चौघे जण खायला घालत होते, आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच घालतो.

त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही सोने तोलायचा छोटा डिजिटल काटा काढला आणि हिशेब मांडला. अब्बांची चिमूट कशी असते ते आम्हाला माहीत होते. ती भरली ०.२ ग्रॅम. माशांच्या कोरड्या दाण्यात साधारण १ टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. म्हणजे त्या चिमटीत २ मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचे फॉस्फेट सुमारे ६ मिलिग्रॅम. ३५० लिटर पाण्यात भागले तर लिटरला ०.०१७. एक चिमूट म्हणजे समुद्रात जेवढे फॉस्फेट असते जवळजवळ तेवढे. आपल्याला चिमूट क्षुल्लक वाटते, कारण आपण ती आपल्या पोटाच्या मापाने मोजतो. टाकीच्या मापाने ती मोठी असते.

मग आम्ही आमचे मांडले. कोळंबी, दुपारचा दाणा, पावडर आणि मुलाची मूठ मिळून कोरड्या दाण्याच्या हिशेबाने दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास गेले. म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट, लिटरला ०.०९, आणि हे रोज. हे सगळेच पाण्यात उरत नाही. काही माशांच्या अंगी लागते, काही स्किमर नावाचे फेस काढणारे यंत्र बाहेर काढते, काही शेवाळ घेते. तरी पाच-सहा वाट्यांतला एक वाटा अब्बांचा होता आणि उरलेले आमचे.

दुसराही एक दोष सापडला. टाकीतले पाणी रोज पाच-सहा लिटर उडून जाते, आणि ते भरून काढायला आम्ही नळाचे पाणी गाळून वापरतो. गाळणीतले शेवटचे रसायन कधीच संपले होते. क्षार मोजायच्या यंत्रावर शून्य यायला हवे तिथे ११ येत होते, आणि त्या पाण्यातच ०.०६ फॉस्फेट होते. अन्नापुढे हा वाटा लहान, महिन्याला लिटरमागे ०.०३ एवढाच. पण तोही आमचाच. ती गाळणी सांभाळणे अब्बांचे काम नव्हते.

सकाळी फजरनंतर आम्ही दोघे अब्बांच्या खोलीत गेलो. काटा आणि वही सोबत नेली होती, जणू कागद दाखवल्याने माफी मागणे सोपे होणार होते. अब्बांनी वही पाहिली नाही. आम्ही म्हणालो, "अब्बा, चूक आमची होती. तुमच्यावर नाव घातलं. माफ करा."

ते थोडा वेळ तसबीहचे मणी फिरवत राहिले. मग म्हणाले, "टाकी तुमची आहे. हात लावू नका म्हणालात, त्याचं मला काही नाही. पाहुण्यांसमोर म्हणालात."

पुढे ते काही बोलले नाहीत. आम्हालाही उत्तर सुचले नाही, कारण ते खरे होते. चार भिंतींत मागितलेली माफी बैठकीत गेलेली इज्जत परत आणत नाही.

दोन-तीन दिवसांनी, आम्ही टाकीजवळ डोके धरून बसलो असताना, ते आपणहून खुर्चीवर येऊन बसले आणि गावच्या मशिदीच्या हौदाची गोष्ट सांगू लागले. वुजूच्या त्या हौदात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडलेले होते. नमाजला येणारा जो तो, विशेषतः मुले, त्यांना कुरमुरे टाकत. एका वर्षी पाणी पार हिरवे झाले, वास येऊ लागला. कुणी म्हणाले औषध टाका, कुणी म्हणाले सगळा हौद एकदम रिकामा करून धुऊन काढा. अब्बा तेव्हा जमातीच्या कामात होते. त्यांनी औषध टाकू दिले नाही. रोज थोडे पाणी काढायचे, थोडे नवे भरायचे, एका वेळी एकच बाजू घासायची. आणि कुरमुऱ्यांसाठी नियम केला, की एकाच माणसाने घालायचे आणि दिवसातून एकदाच. "दोन महिन्यांत तळ दिसला," ते म्हणाले. "इथे आलो तेव्हा मला वाटलं, इथला तो एक माणूस मी. म्हणून एक चिमूट घालत होतो."

आम्ही महिनोन्‌महिने पुस्तके वाचत होतो, दुकानदाराला विचारत होतो. उपाय जाणणारा माणूस आतल्या खोलीत होता, आणि त्याला आम्ही विचारले नव्हते.

समुद्रातही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. हवाई बेटांमधल्या कानेओहे नावाच्या उपसागरात बरीच वर्षे सांडपाणी सोडले जात होते. तिथे बुडबुड्यासारखे हिरवे शेवाळ माजून प्रवाळांवर चढले. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी खोल समुद्राकडे वळवले, तेव्हा शेवाळ हळूहळू ओसरू लागले. दुसरे उदाहरण कॅरिबियन समुद्राचे. तिथे १९८३ मध्ये शेवाळ चरणारे लांब काट्यांचे समुद्री साळिंदर, म्हणजे सी-अर्चिन, एका साथीत प्रचंड संख्येने मेले. पुढच्या काळात जमैकाच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या जागी शेवाळाचे गालिचे पसरले. म्हणजे दोन गोष्टी हव्यात. आत येणारे खत मोजके हवे, आणि उगवलेले खाणारे जिवंत हवेत. आम्ही पहिले वाढवले होते, आणि घाईने दुसरे मारले होते.

त्यानंतर आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कुणा वाचकाच्या घरी अशी टाकी असेल तर उपयोगी पडेल.

लोहाचे दाणे लगेच काढून टाकले. दगड आणि वाळू चुन्याची असते आणि त्यांनी आधीचे फॉस्फेट धरून ठेवलेले असते. पाण्यातले कमी झाले की ते सावकाश सोडतात. त्यामुळे आकडा शून्यावरून आपोआप वर आला. तो ०.०५ च्या आसपास पोचला, तसे तपकिरी धागे विरळ होऊ लागले. त्याला सहा-सात आठवडे लागले. या काळात आम्ही रोज रबरी नळीने धागे ओढून काढले आणि दुसरे काही केले नाही. काही न करणे हे सर्वांत अवघड काम होते.

गाळणीतले रसायन बदलले. आता क्षारांचा आकडा १ झाला तरी ते बदलतो. स्किमरचा पेला तीन दिवसांआड धुतो, कारण त्यात जमणारा काळा गाळ म्हणजे कुजण्याआधीच बाहेर पडलेले अन्न. टाकीवरचा दिवा बारा तास चालायचा, तो आठ तासांवर आणला. खालच्या संपात एका कप्प्यात किटोमॉर्फा नावाचे, हिरव्या दोऱ्याच्या गुंत्यासारखे शेवाळ लावले आणि वरचा दिवा बंद झाला की त्याचा दिवा लागेल असे केले. शेवाळ उगवायचेच असेल, तर आम्ही सांगू त्या जागी उगवू दे. दोन आठवड्यांनी त्यातला मूठभर कापून बाहेर काढतो. त्या मुठीसोबत फॉस्फेटही घराबाहेर जाते.

नव्या गोगलगायी आणल्या, पण एकदम नाही. धागे पूर्ण गेल्यावर आधी चार, मग चार. पिवळा टँग मासा दगडांवर दिवसभर चरत असतो, त्याची भूक मारू नये म्हणून वरचे खाणे कमीच ठेवतो. दगडावर केस दिसले तर तो दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासतो, एका वेळी एकच दगड. आणि आठवड्यातून एकदा दहावा हिस्सा पाणी बदलतो. आकडा ०.१ च्या वर गेला, तरच लोहाचे दाणे, तेही निम्मे. ०.०३ च्या खाली जाऊ देत नाही. मोजणी दर शुक्रवारी सकाळी, जुम्याच्या तयारीआधी.

बकरीदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तीच चार कुटुंबे जेवायला बोलावली. टाकी अजून बरी झाली नव्हती. धाग्यांचे डाग होते, फिकट प्रवाळ होते. त्याच मित्राने टाकीकडे पाहिले, पण या वेळी काही बोलला नाही. आम्हीच बोललो. म्हणालो, "रमजानमध्ये याच जागी आम्ही अब्बांवर ठपका ठेवला होता. तो खोटा होता. खायला आम्ही जास्त घालत होतो, आणि अब्बांनी कधी आमचं ऐकलं नाही असंही झालं नव्हतं." बोलताना आवाज सरळ येत नव्हता. बैठकीत क्षणभर शांतता झाली. मग अब्बाच म्हणाले, "जेवण थंड होतंय, बसा सगळे." जेवताना त्यांनी त्या मित्राच्या ताटात स्वतः दुसऱ्यांदा बिर्याणी वाढली.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. आपल्या घरांत 'इस्राफ करू नका' हे आपण मुलांना ताटातल्या भातावरून शिकवतो. आम्हाला ते टाकीवरून नव्याने शिकावे लागले. प्रेमाने जास्त घातलेलेही जास्तच असते. आणि जास्त झाले म्हणून रागाने सगळेच काढून घेणे, हेही त्याच चुकीचे दुसरे टोक. आम्ही टाकीचे जे केले तेच अब्बांचे केले होते. इथे आणताना त्यांना सगळे आयते दिले, काम काही ठेवले नाही. मग एक काम त्यांनी स्वतः शोधले, तेही एका वाक्यात काढून घेतले.

आज टाकीला एकच माणूस खायला घालतो. असरनंतर, दिवसातून एकदा. अब्बांनी चिमूट सोडून मोजायचा प्लास्टिकचा चमचा घेतला आहे, कारण, ते म्हणतात, म्हाताऱ्याच्या बोटांचा भरवसा नाही. ते गावी जातात तेव्हा चमचा मुलाच्या हाती देऊन जातात आणि फोनवर विचारतात, "एकदाच ना?" वहीत तारीख आणि खूण मुलगा करतो. मागच्या शुक्रवारी आकडा ०.०६ होता. मागच्या काचेवर थोडे हिरवे आहे, ते राहू दिले आहे, गोगलगायींना लागते.

तो अॅक्रोपोरा मात्र वाचला नाही. त्याचा पांढरा सांगाडा आम्ही टाकीतून काढला नाही. आता त्याच्यावर दुसऱ्या एका प्रवाळाची जांभळी कड हळूहळू चढते आहे, महिन्याला जेमतेम नखभर. ती कुठवर आली, ते अब्बा रोज चष्मा पुसून पाहतात.